दाराकडे गेलेली नजर

आई,

रबाळ्याला आमच्या प्रयोगशाळेत तू एकदाच आलीस. छापील जाहिरातीवर माणसाची नजर आधी कुठे जाते आणि मग कुठे, याचं गणित मी बसवत होते. त्यासाठी घर सांभाळणाऱ्या बायका हव्या होत्या. तू हनुवटी पट्टीवर टेकवतेस, डोळ्यावर बारीक उजेड पडतो, बुबुळावरची त्याची चमक कॅमेरा टिपत राहतो. समोर गोडेतेलाची जाहिरात. शेगडीपाशी हसणारी बाई, हातात डबा, मागे अर्धवट उघडं दार. बाकी सगळ्या बायकांची नजर चेहऱ्यावरून डब्याकडे गेली होती. तुझी सरळ दाराकडे गेली आणि तिथून हलेना.

"दारात कोन उबा हाय," तू म्हणालीस, "आन् ही बाय हसतं काय? त्याला आत बोलव म्हनावं."

खाडीकाठच्या आपल्या घरी तू रांधत असताना दारात कोणी आलं, तर त्याला जेवायला बोलावल्याशिवाय तू तवा उतरवत नव्हतीस. मी भिंगाने तो छापील कागद तपासला. दारात शाईचे ठिपके होते, दुसरं काही नाही. "तुझ्या आईला भूक लागली असेल," असं मला म्हणून आमचे साहेब हसले आणि यंत्राने टिपलेलं हे वाचन काढून टाक म्हणाले. ते चूक ठरलं तर तू चुकलीस; खरं ठरलं तर दारात कोणीतरी आहे. मला दोन्ही मान्य नव्हतं. मी ते न काढता वेगळं ठेवलं.

त्याच वर्षी तू गेलीस.

पुढे बऱ्याच वर्षांनी नवं यंत्र आलं. ते जुळवून पाहायला मीच समोर बसले आणि हाताशी होती म्हणून तीच जाहिरात लावली. यंत्राने काढलेली माझ्या नजरेची रेघ चेहऱ्यावर, डब्यावर, शेगडीवर फिरली होती. दार मात्र कोरं. रेघ चौकटीपर्यंत जाऊन मागे वळलेली, पुन्हा पुन्हा. रिकाम्या जागेवरून नजर सहज सरकून जाते, अशा जागेला कोणी वळसा घालत नाही. हे माझंच गणित सांगतं.

तेव्हापासून मी शेगडीपाशी उभी राहते ती दाराकडे पाठ करून. हे पत्र कुठे पाठवणार? पण एक सांगते. काल भाकरी तव्यावर असताना, मागे न बघता, मी म्हणाले, "आत या, जेवून जा."

आणि दुसरं ताट घेतलं.