प्लस बारा, शून्य, मायनस बारा

मी, टेलिफोन दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झालेली बाई, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाचीही जबरदस्ती नसताना (माझ्यावर जबरदस्ती करून तर पाहावी) हे लिहून ठेवते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. का, ते खाली येईलच.

कलम एक. राहते घर आणि बँकेतली ठेव धाकट्या बहिणीला. यावर कोणी तोंड उघडू नये.

कलम दोन. जंगम मालमत्तेत जपण्यासारखी वस्तू एकच, मी घरी बनवलेला सिंथेसायझर. घशाच्या शस्त्रक्रियेत धाकटीचा आवाज गेला. ती गाणारी बाई. आता ती या पट्ट्यांवर गाते. त्यात तिच्या आवाजाची जात उतरवताना माझा जीव मेटाकुटीला आला.

कलम तीन, वीजपुरवठ्याबद्दल. सांगून सांगून तोंड दुखले, म्हणून लिहिते. या यंत्राला प्लस बारा, शून्य आणि मायनस बारा व्होल्ट अशा तीन तारा लागतात. भिंतीत खोचायच्या साध्या अडॅप्टरमधून मायनस बारा मिळत नाही. थोरल्या भावाचे मोबाइलचे दुकान आहे. तो म्हणतो, "पिन बसली ना? मग चालणारच." माझ्या गैरहजेरीत त्याने एक पिन बसवली आणि आतल्या चिपा जळाल्या. नव्या येईपर्यंत धाकटी भिंतीकडे तोंड करून बसून असे. त्याने आजवर भेट दिलेले अडॅप्टर झाडून सगळे त्यालाच परत द्यावेत.

कलम चार. मी स्वतः बनवलेला वीजपुरवठ्याचा संचही धड नव्हता. हलका, स्विचिंगचा लावला तर सुरांमागे बारीक शिट्टी, जड ट्रान्सफॉर्मरचा लावला तर घरघर. वैताग नुसता. माझ्यामागे हे कोण बघणार, म्हणून आधीच्या मृत्युपत्रात देखभाल नाइलाजाने भावाकडे सोपवली होती. ते वाचून धाकटीने पाटीवर लिहिले, "ताई, माझा आवाज दादाच्या हातात देतेस? मला शिकव की."

मी म्हटले, "तुला साधा फ्यूज बदलता येत नाही."

तिने पाटी पुसली आणि तेच पुन्हा लिहिले.

शिकवले. तिचे सोल्डर म्हणजे वाळलेला चिखल. ट्रान्सफॉर्मर पेटीत नीट मावत होता, तरी बाईने तो वेगळ्या डब्यात घालून यंत्रापासून हातभर लांब ठेवला. वायर लोंबकळते, ध्यान दिसते. काल तिने बटण दाबले. काहीच ऐकू आले नाही.

"घालवलंस ना?" मी म्हटले.

तिने बोट दाखवून मला गप्प केले आणि वाजवू लागली. ट्रान्सफॉर्मर लांब गेल्याने घरघर नव्हतीच. सूर संपताना तिचा श्वास सुटायचा, तसा बारीकसा शेवट त्या घरघरीखाली इतकी वर्षे दबून होता. तो काल ऐकू आला. मला तिचा भयंकर राग आला आणि रडूही आले.

कलम पाच. सबब देखभालीसाठी कोणाचीही नेमणूक नाही. यंत्र, तिचा तो डबा आणि माझी सगळी हत्यारे तिची. मी गेल्यावर तिचे सांत्वन करायला कोणी धावू नये. तिला वाजवू द्यावे.

ठिकाण: आमची मागची खोली, टेबलावर जागा करून.
दिनांक: पुरवठा बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवार.
लिहून ठेवणारी: ताई (सही)
साक्षीदार: दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही), समोरचे शिंपी (सही). दोघांनीही वाजवणे थांबेपर्यंत पेन हातात घेतले नाही.