पिंपळझऱ्याचे पुजलेले नळ

१२ फेब्रुवारी २००७

‘पिंपळझऱ्याच्या बायांनो, टाकी तुमच्या गावात उभी, नळ तुमच्या दारात उभा, आणि तुम्ही अजून डोक्यावर हंडा घेऊन नाल्यावर उभ्याच!’ आजची सभा मी या वाक्याने उघडली. टाळ्या पडल्या. मी पेटले. कापूस गेला, माणसं गेली, मदतीच्या नावाने पैसा आला आणि तो वाटेतच जिरला – सगळं बोलले.

खाली उतरले तर सरपंच नत्थुजींच्या पार्वताबाई म्हणाल्या, ‘ताई, बोलल्या बेस. मंग पानी कदी येते?’

परतवाड्याला घरी येईपर्यंत एसटीत तोच प्रश्न टोचत राहिला.

१५ फेब्रुवारी

माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिला. हा कायदा येऊन दीड वर्ष झालं, आणि मी त्याच्यावर फक्त व्याख्यानं देते! आता वापरणार. शेवटचा प्रश्न ठेवला – जनतेचा पैसा कोणी खाल्ला आणि का खाल्ला?

चिंतामणने वाचला. वकील नवरा असण्याची शिक्षा! ‘हा अर्ज नाही, रमा. टाळ्या मागून राहिली तू.’

तरी तसाच पोस्टात टाकला.

१७ मार्च

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसचं उत्तर – ‘आपण विचारलेली बाब माहिती या व्याख्येत बसत नाही.’ चिंतामणने ते वाचून कायद्याचं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

१८ मार्च

कायदा पुन्हा वाचला. आजवर भाषणात वाक्यं पेरण्यासाठी वाचला होता, आज सुतार रंधा पाहतो तसा पाहिला. ‘का’ याचं उत्तर द्यायला ऑफिसवाले बांधलेले नाहीत. पण काम दाखवायला बांधलेले आहेत! जागेवर जाऊन पाहण्याचा हक्क, नमुना घेण्याचा हक्क – काळ्यावर पांढरं नाही, पांढऱ्यावर काळं लिहिलेलं आहे.

नवा अर्ज. दोनच ओळी. टाकीपासून दारातल्या नळापर्यंतचा पाइप खणून पाहायचा आहे. नमुना हवा आहे.

एकही विशेषण नाही. फार जड गेलं.

१० एप्रिल

पाहणीला परवानगी आली. पाठोपाठ पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर उत्तमराव स्वतः घरी आले, चहा प्याले. महाराष्ट्र दिनाला योजनेचं लोकार्पण आहे म्हणे. टाकीजवळच्या नळाला पाणी सोडायचं, फीत कापायची आणि प्रमुख वक्ता म्हणून मी! पत्रिकेत नाव छापूनही टाकलं. तालुक्यात माझ्यासारखं बोलणारं कोण आहे, असं दोनदा म्हणाले.

गोड वाटलं. इथे खोटं कशाला लिहू?

ते गेल्यावर चिंतामणने समजावलं – लोकार्पण झालं की काम पुरं धरतील, कंत्राटदाराचं शेवटचं बिल निघेल, मग खणायला कोणी येणार नाही.

२० एप्रिल

पाहणी झाली. हरले.

टाकीच्या पायथ्याशी उत्तमरावांनी खणून दाखवलं. पाइप आहे! चांगला, जाड. मी म्हटलं, आता वस्तीत चला, दारातल्या नळाशी खणा. तिथे नत्थुजी आडवे आले. दिवाळीच्या पाडव्याला बायांनी हे नळ पुजले आहेत. हळद-कुंकू, नारळ, सगळं झालेलं. पुजलेली वस्तू उपटायची? बाया दारात उभ्या राहिल्या. नळांवर कुंकू अजून आहे, वाळून काळं पडलेलं. पाणी लागलंच नाही, धुऊन कसं जाईल!

पार्वताबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर खोचला आणि नळासमोर येऊन म्हणाल्या, ‘माह्या दारचा नळ पुजलेला हाय. हात लावू नका, ताई.’

बायांमधली जाईबाई मागून म्हणाली की माझ्या अर्जापायीच पाणी अडलं. हे तिला कोणी सांगितलं ते विचारलं नाही. उत्तमराव हसत होते.

‘पाहणी समाधानकारक’ या कागदावर सही मागितली. दिली नाही. तेवढंच हातात होतं.

३० एप्रिल

चिंतामण विचारतो – जाणार? जाणार! माइक त्यांचा, जीभ माझी. भाषण लिहून पर्समध्ये ठेवलं. प्रत्येक वाक्य धारेचं आहे. तरी मनात एकच – खणलेला खड्डा नसेल तर हे नुसते शब्द.

१ मे

भाषण पर्समध्येच आहे.

माझं नाव पुकारलं, मी उठले, तेवढ्यात पार्वताबाई स्टेजवर चढल्या. त्यांनी पदराखालून नळ काढून नवऱ्यासमोर टेबलावर ठेवला. कुंकवासकट. खाली हातभर पाइप, टोकाला लाल माती, पुढे काही नाही. म्हणाल्या, ‘आपल्याच दारचा हाय. ताईले हात लावू देला नाही, पन राती मीच ओढून पाह्यला. मुळ्यावानी निंघाला.’ नत्थुजींनी मान वर केली नाही.

मी माइक पार्वताबाईंसमोर धरला.

‘बायांनो, फीत मंग पाहू. आंधी घरी जा अन् आपापल्या दारचा नळ ओढून पाहा.’