कॉम्प्युटर आता खरंच साफ झालाय

प्रिय हर्षद,

कोंडापूर ते बरकतपुरा एकाच शहरात, काही सातासमुद्रांचं अंतर नाही. तरी आईनं पोस्टानं पत्र धाडलं म्हणून तू आधी वाचून दाखवायला बायकोला, मानसीला, हाक मारली असशील. तिला राहू दे बाजूला, तूच वाच. जोडाक्षर आलं की अडखळतोस हे ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठं काढलंय. विषय आपल्या घरच्या कॉम्प्युटरचा आहे. तू साफ केलास तेव्हा तो साफ झालाच नव्हता.

उगादीच्या, आपल्या पाडव्याच्या, आधीचं आठव. मला प्रतापरावांना लिहायचं होतं. ह्या तेलुगू मुलखात दुकानात मराठी म्हटलं की हिंदीचं काहीतरी लावून देतात आणि त्यात ‘ळ’ शोधता शोधता माणूस म्हातारा होतो. म्हणून मी कुठल्याशा साइटवरून फुकटचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम उतरवला. फुकट ते पौष्टिक! दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर जुगाराच्या जाहिराती नाचायला लागल्या आणि माझ्या नावानं भलत्यांना मेल जायला लागले. मी परेशान होऊन तुला फोन केला.

तू आलास, खरंच आलास. रविवार सगळा घातलास. आधी नेट तोडलंस, मग तपासणी लावलीस, मग सगळं पुसून नव्यानं भरलंस. फोटो परत टाकण्याआधी तेही तपासलेस. पासवर्ड ह्या कॉम्प्युटरवरून नाही, तुझ्या फोनवरून बदललेस, आणि का ते मला समजावलंस. मी शेजारी स्टुलावर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, लेक असावा तर असा. शेजारच्या शैलाला बोलावून तुला दाखवलं, जसं काही ऑपरेशन करून बाहेर आलेला डॉक्टर. पुरणपोळ्या हाणल्यास, हात धुतलेस आणि आता शंभर टक्के साफ आहे असं सांगून गेलास.

त्यानंतर प्रतापरावांची पत्रं थांबली.

तू त्यांना ‘ते अंकल’ म्हणायचास, नाव घेतलं तर जीभ विटाळेल असा. तुझे बाबा गेल्यावर ह्या घरात माझ्याशी पुस्तकांवर भांडणारा तो एकच माणूस येत होता. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, मलकपेठचं घर बंद करून ते नांदेडला मुलीकडे, मृण्मयीकडे, राहायला गेले. बोलता येईना तर फोन काय चाटायचा? मोबाइलच्या बारक्या अक्षरांवर त्यांची जाडी बोटं चालत नसत. म्हणून मुलीच्या कॉम्प्युटरवर बसून लांबच लांब मेल लिहायचे. आमच्यात जे काही होतं ते तेवढंच होतं, बेटा. लग्न करायचं असतं तर पत्रिका पहिली तुलाच पाठवली असती, हळदीकुंकू लावून.

मी लिहिलं, उत्तर नाही. पुन्हा लिहिलं, तब्येत कशी आहे म्हणून विचारलं, उत्तर नाही. मी किती मानी आहे तुला माहीत आहे, तुझ्यातही तेच आलंय. शेवटी दोनच ओळी लिहिल्या, की तुम्हाला नको असेल तर नको, मीही यापुढे लिहिणार नाही. पाठवल्या आणि कॉम्प्युटरवर चादर टाकली.

गेल्या आठवड्यात मृण्मयी आली. दारातच उभी राहिली, पाणीसुद्धा घेतलं नाही. दिवाळीनंतर प्रतापराव गेले. माझ्या प्रत्येक मेलला त्यांनी उत्तर दिलं होतं आणि त्या दोन ओळींनंतरही लिहीत राहिले होते. तिनं मला फोन करायचं म्हटलं की हातानंच नको म्हणायचे. गेल्यावर मशीन विकण्याआधी तिनं त्यातलं सगळं पुसून टाकलं, त्यांचं खातंही बंद केलं, कारण ज्या बाईसाठी बाप झुरला तिचं नावसुद्धा तिला घरात नको होतं. मला बघायला आली होती ती, कसली बाई आहे म्हणून.

ती गेल्यावर मी चादर काढली. वाटलं, तो मेला व्हायरसच कुठे दडून बसलाय. शैलाच्या मुलीला, अपर्णाला, विचारलं. ती बँकेत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचंच काम बघते. ती म्हणाली, मशीन कितीही पुसा, मेलच्या खात्यात कुणी नियम घालून ठेवला असेल तर तो पुसला जात नाही, कारण तो मशीनमध्ये नसतोच. सेटिंगमध्ये जाऊन बघा. गेले. एकच नियम होता. प्रतापरावांकडून काहीही आलं की एका पत्त्यावर पाठवायचं आणि इथून पुसायचं. तारीख त्या रविवारची. पत्ता तुझा, कॉलेजातला जुना. मीच पाठ केला होता एकेकाळी, तुला फीचे कागद पाठवायला.

घरात चोर शिरला म्हणून पोलीस बोलवावा आणि त्यानंच जाताना कपाट उचलून न्यावं! सगळ्या पायऱ्या शिकवल्यास मला, हर्षद, ही एक सोडून. आणि पैजेवर सांगते, तू ती पत्रं वाचलीसुद्धा नाहीस. पानभर मराठी वाचायला तुला अर्धी दुपार लागते. लोक काय म्हणतील, मानसीच्या माहेरी काय म्हणतील, एवढं तुला न वाचताच कळलं. एखादं जरी नेटानं वाचलं असतंस तर तो माणूस मरतोय हे तुला कळलं असतं. कदाचित मग तुला दया आली असती. तुला वाढवलंय मी, म्हणून अजून ‘कदाचित’ म्हणते.

नियम मी काढला, पासवर्ड बदलला. तुला फोन केला नाही, कारण फोनवर तू सॉरी म्हणाला असतास आणि ते मला ऐकायचं नाही. माझ्याकडची पत्रं गेली, मृण्मयीकडची गेली. आता ती फक्त तुझ्याकडे आहेत. मला पाठवू नकोस. येत्या रविवारी लॅपटॉप घेऊन ये. मृण्मयीला मी नांदेडहून बोलावलंय, हो-नाही करत ती येतेय. ती आणि मी समोर बसू, आणि तू पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी मोठ्यानं वाचायचीस. अडखळलास तर थांबू, आम्हाला घाई नाही. आणि पुसून टाकली असशील, तर तेही तिच्या डोळ्यांत बघून तूच सांगायचंस. जेवण मी करणार नाही, खाऊन ये.

तुझीच, ते काही बदलता येत नाही,
आई