लोकरीचा गुंता

आबा, सकाळपासून मी दहीभात कालवते आहे आणि तो माणसांसाठी नाही. आमच्या कुत्र्याच्या मागच्या पायाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की पळणं नाही, उडी नाही, जिना तर अजिबात नाही. पण नुसतं बांधून ठेवलं तर तो धडपडून टाके उसवेल, म्हणून त्याचं डोकं कामाला लावायचं. मग मी रबराच्या पोकळ खेळण्यात भात ठासते, फ्रीजरमध्ये गोठवते, त्याच्या गळ्यातलं प्लास्टिकचं नरसाळं काढते आणि तो चाटत असताना शेजारी बसून राहते. जुन्या टॉवेलात भाकरीचे तुकडे गुंडाळते. खोक्यात कागदाचे बोळे टाकते आणि त्यात खाऊ लपवते, तो हुंगून हुंगून शोधतो आणि मग दमून झोपतो. "गुंतवून ठेवा त्याला," असं बाई म्हणाल्या आणि मला तिथंच तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी आला. तो शब्द तुमचा होता.

चिकलठाण्यातली पत्र्याची खोली आठवते ना? मेंढरं विकून तुम्ही कारखान्यात लागलात, आणि सगळ्या कळपातून आपल्याबरोबर आला तो एकटा कुत्रा. जालना रोडवर ट्रकचा धक्का लागून त्याचा पाय मोडला. तुम्ही कामट्या लावून पाय बांधलात, जसा मेंढराचा बांधायचात, आणि मला समोर बसवलंत. "उठू द्यायचं नाय त्याला. उठला की पाय वाकडा जुळंल. तू गुंतव त्याला. बरा झाला की तो तुझा." मी तिसरीत होते. तुझा म्हटल्यावर मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. पोत्याच्या घड्यांमध्ये भाकरी कशी लपवायची ते तुम्हीच दाखवलंत. करवंटीत ताकातल्या कण्या थापून वाळू द्यायच्या, म्हणजे त्याला खरवडत बसावं लागतं, हेही तुमचंच. मी शाळेतून येते, दप्तर टाकते आणि आधी पोतं उलगडून बघते की एखादा तुकडा राहिलाय का. आई चिडते, "पोरीला खायाची शुद्ध नाय, कुत्र्याला मात्र पंगत." तुम्ही हसता. त्या हसण्यावर माझा किती विश्वास होता, आबा.

पाय जुळला. तो चारी पायांवर दारापर्यंत चालत गेला तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटले होते. पुढच्याच सुट्टीला, दुपारी, तुम्ही माळ्यावरून लोकरीच्या सुताचा ढीग काढलात. घोंगडीसाठी आईने कातून ठेवलेलं, मेंढरं गेल्यावर तसंच पडून राहिलेलं सूत. "लई गुंता झालाय बघ. तुझी बोटं बारीक हायेत, तुलाच जमंल. तोडायचं नाय मात्र." मी मागच्या ओट्यावर बसले. एक टोक सापडलं की दुसरं हरवत होतं. मी गाणं म्हणत होते, हे मला अजून आठवतं. संध्याकाळी तुम्ही आलात ते गुलमंडीच्या बाजारातून लाल रिबिनी घेऊन. मी तुम्हाला सुताचा गोळा दाखवला, तुम्ही म्हणालात, "वा रे माझी वाघीण." मी रिबिनी बांधल्या, आरशात बघितलं, आणि मग कुठे विचारलं, कुत्रा कुठाय. तुम्ही बूट काढत होतात. "पळाला. मेंढरांची सवय त्याला, ऱ्हातंय व्हय इथं?" मी त्याला नावं ठेवली, आबा. कृतघ्न म्हणाले. इतकं केलं आणि सोडून गेला म्हणून कित्येक दिवस त्याच्यावर रुसून होते. रुसायचं कुणावर होतं, आणि रुसले कुणावर!

खरं काय ते मला तुमच्या दहाव्याला कळलं. तुमची आठवण काढून सगळे रडत-हसत होते, तेव्हा आत्या डोळे पुसत कौतुकानं सांगायला लागली. "माझा भाऊ लई हुशार. घरमालक कुत्रं ठिवू देत नव्हता. पोरगी तर सोडंना. मग ह्यानं काय केलं, चांगलं सूत घेतलं अन् आदल्या दिवशी निवांत बसून त्याचा गुंता केला. पोर तिकडं सोडवीत बसली अन् आमच्या ह्यांनी कुत्रं टेम्पोत घालून वैजापूरला आमच्या मेंढरांकडं नेलं." मी विचारलं, पाय मोडका होता तेव्हाच का नाही नेलं? "लंगडं कुत्रं मेंढरामागं काय कामाचं? बरं झालं तवाच नेलं की." सगळे हसले. मी उठून नळावर गेले. त्या वर्षी आपण नेहमीसारखे दिवाळीला आत्याकडे का गेलो नाही, ते मला नळावर उभ्या उभ्या समजलं.

घरमालकाचं मी समजू शकते. तुमची नवी नोकरी, भाड्याची खोली, तुमचा इलाज नसेल. पण बरा झाला की तुझा, हे तुम्ही कशाला म्हणालात? तो बरा व्हावा म्हणून मी राबले आणि बरा झाला म्हणून तो गेला. मला सांगितलं असतं तर मी आदळआपट केली असती, टेम्पोमागे धावले असते, त्याच्या गळ्यात पडून रडले असते. तेवढं तरी माझं होतं. तुम्ही बसून, एकेक पदर दुसऱ्यात ओवून, माझ्यासाठी गुंता तयार केलात. करवंटीत कण्या थापाव्यात तसा.

आता दुकानात जायचं आहे. खेळणं पुढे टाकून मागच्या दारानं सटकता येतं, पण मी तसं करत नाही. वेड्यासारखी त्याच्यापुढे उकिडवी बसते, "जाऊन येते रे," म्हणते, तो मान वर करून बघतो, कुईकुई करतो, मग जाते. तुम्हाला लिहिलेला हा कागदही मी आता चुरगाळून त्याच्या खोक्यात टाकणार आहे, आत भाकरीचा तुकडा घालून. फक्त एक गोष्ट आजवर आत्याला सांगितली नाही, आईलाही नाही. तो कुत्रा गेला त्याचं दुःख कधीच ओसरलं. राग उरलाय तो त्या ओट्याचा. ऊन पायावर आलेलं, सूत सुटत चाललेलं, तुम्ही माझ्यावर मोठं काम सोपवलेलं. लहानपणातली इतकी सुखाची दुपार मला दुसरी आठवत नाही, आबा.