कोहबाईंच्या खोक्यातला रविवार

सेरंगून, सिंगापूर
सोमवार

प्रिय निशिकांत,

सप्रेम नमस्कार. आम्ही इथे सगळे ठीक आहोत, तुझा गुडघा कसा आहे ते कळव. (जिना चढताना दुखतो की उतरताना, तेही लिही, अनघा विचारत होती.) व्हॉट्सॅपवर मी चार ओळी लिहिल्या की तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून मुद्दाम कागदावर लिहितोय.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोह नावाचं चिनी जोडपं राहतं. बाई ब्याऐंशीच्या, साहेब सत्त्याऐंशीचे. साहेबांना गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. हातपाय बरेच सुधारले, पण बोलणं बंद झालं ते झालंच. डॉक्टर म्हणतात, बोलू शकतील. साहेब बोलत नाहीत. बाई त्यांना खिडकीशी बसवतात आणि दिवसभर दोघांच्याही वाटचं एकट्याच बोलतात. असं मी कुणाला करताना पाहिलेलं नाही. मी तर माझ्या एकट्याच्या वाटचंही दुपारपर्यंत संपवतो.

एकदा लिफ्टची वाट बघताना रेडिओचा विषय निघाला. त्यांच्या लहानपणी इथे घरोघरी तारेवरून रेडिओ येई. रविवारी सकाळी त्यावर चर्चची प्रार्थना, आणि दुपारी एक कथेकरी होक्किएन भाषेत शूरवीरांच्या गोष्टी सांगे, तेव्हा कॉफीच्या दुकानात माणसं हातातला कप टेकवायला विसरत. मग मी मिरजेचा आपला रविवार सांगितला: तुमच्या ओसरीवरचा रेडिओ, सकाळचं भजन, कीर्तन, दुपारची श्रुतिका, आणि कीर्तन संपेपर्यंत कुणाला चपला घालू न देणारे तुझे वडील. त्या भरात मी म्हणून गेलो की मीही रेडिओच्याच लाइनमध्ये होतो. (हे खोटं नाही. पोस्टात अकरा वर्षं रेडिओ परवान्यांच्या खिडकीवर कोण होतं? पण इंग्रजीत ते जरा मोठं ऐकू गेलं.)

दुसऱ्या दिवशी बाई माहेरच्या तारेवरच्या रेडिओचा जुना, बंद पडलेला लाकडी खोका घेऊनच दारात. म्हणाल्या, "संडे कॅन, आह?" म्हणजे रविवारपर्यंत दुरुस्त होईल ना? मी म्हणालो, "कॅन." (इथे 'कॅन' एवढं म्हटलं की करार पक्का होतो.)

खोका उघडला, निशिकांत, आणि आत रेडिओच नव्हता! एक स्पीकर, एक गुंडाळी, एक बटण आणि एक वाळलेलं झुरळ. सगळा रेडिओ तारेच्या दुसऱ्या टोकाला असायचा, आणि ते टोक कधीच बंद झालं. तसं सांगायला मी त्यांच्या घरी गेलो, तर बाईंनी टेबलावर खोक्यासाठी जागा करून विणलेला रुमाल अंथरलेला, आणि साहेब खिडकीकडे पाठ करून त्या रिकाम्या रुमालाकडे बघत बसलेले. मी पाणी प्यायलो आणि परत आलो.

मग ठरवलं, दुसरं टोक आपणच व्हायचं. बाईंचाच कराओकेचा अँप्लिफायर आणि माइक आमच्या स्वयंपाकघरात आणला आणि तिथून त्यांच्या टेबलावर ठेवलेल्या खोक्यापर्यंत वायर ओढली. अनघा म्हणाली, "बाबा, कॉरिडॉरमध्ये वायर टाकली तर नोटीस येईल." मी म्हटलं, एका सकाळपुरती आहे. ती वायरवर चिकटपट्टी लावत बसली. (चांगी बिझनेस पार्कात बँकेच्या मोठमोठ्या सिस्टिम सांभाळते, पण चिकटपट्टी वाकडीच.)

रविवारी आठ वाजता मी घसा साफ केला आणि केंद्र सुरू झाल्याचं जाहीर केलं. आधी भजन. मला एकच कडवं येत होतं, ते मी चार वेळा वेगवेगळ्या भावाने म्हटलं. मग बातम्या: लिफ्ट मंगळवारी दहा ते बारा बंद. मग सांगलीचे गुळाचे बाजारभाव, अंदाजे. प्रार्थनेसाठी बाई इकडे आल्या आणि शांतपणे, न अडखळता सगळी म्हणाल्या. अनघाने गॅस बंद केला. मला एक अक्षर कळलं नाही, पण चपला मी आपोआप काढल्या होत्या.

खरी गोष्ट पुढेच आहे. बाईंनी माइक सोडलाच नाही. त्या कथेकऱ्याची गोष्ट त्यांनी होक्किएनमध्ये सुरू केली. ब्याऐंशी वर्षांची ती सडपातळ बाई आमच्या सिंकसमोर उभी राहून सेनापती झाली, म्हातारी झाली, रडणारं मूल झाली. मी नारळाच्या करवंट्यांनी टापा वाजवत होतो. सेनापती घोड्यावर चढला, आणि एवढ्यात समोरच्या फ्लॅटमधून, दोन्ही उघड्या दारांतून, एक घोगरी आरोळी आली.

बाई थांबल्या. माझ्या करवंट्या हवेत. पुन्हा तीच आरोळी.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, चूक," बाई कुजबुजल्या. "घोडा पांढरा होता."

मला वाटलं, आता बाई धावत जातील, रडतील. बाईंनी डोळे पुसले, माइक तोंडाशी घेतला आणि ठणकावून काहीतरी सांगितलं. नंतर कळलं, त्या म्हणाल्या होत्या, "काळा!" पलीकडून उत्तर आलं. मग दहा मिनिटं घोड्याच्या रंगावरून असं कडाक्याचं भांडण झालं की काय सांगू! तेरा महिन्यांनी त्या घरात भांडण होत होतं. शेवटी मी कार्यक्रम संपल्याचं मराठीत जाहीर केलं, पण कुणी ऐकलं नाही.

संध्याकाळी मी बाईंना विचारलं, "घोडा नक्की कसा होता?" म्हणाल्या, "व्हाइट, लाह." पहिल्या आरोळीलाच त्यांना आठवलं होतं.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विश्वास

ता. क. : पुढच्या रविवारी मिरजेचे सुप्रसिद्ध कीर्तनकार फोनवरून थेट कीर्तन करणार, असं मी जाहीर करून बसलोय. ते तू. तुझ्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच असतील, पण तू तसाही उठलेला असतोस. कुठलंही आख्यान चालेल; भाषा इथे कुणालाच कळत नाही.

ता. क. दुसरं : वरची शेवटची ओळ रद्द समज. नीट तयारी कर. कोहसाहेबांनी बाईंकडून विचारून घेतलंय की कीर्तनकार चुकला तर मध्ये बोलायला परवानगी आहे का. मी 'कॅन' म्हणालोय.