सुख सापडलं का?

साखरखेर्डा,
दि. ११ जानेवारी १९६५

सेवेशी,
शि. सा. नमस्कार.

इकडे सर्व क्षेम. सासूबाईंचा दमा थंडीत बळावतो, बाकी ठीक. मी मुलींच्या शाळेत शिकवते.

ओंकारेश्वरच्या मठात तुमची भेट झाली, असं लक्ष्मीकांत भावजी सांगत होते. ‘इच्छा गेली की सुख उरतं, आणि ते जात नाही,’ असं तुम्ही त्यांना म्हणालात. तेव्हापासून विचारीन म्हणते, खरंच उरतं का हो? रागाने विचारत नाही. राग केव्हाच सरला. पहाटे जाग येते तेव्हा कसं वाटतं तुम्हाला?

तुम्ही घर सोडल्यावर मीही करून पाहिलं. काही मागायचंच नाही. नवं पातळ नको, सणाला गोड नको. शांत वाटायचं खरं. पण ते सुख, की नुसता थकवा, मला सांगता येईना.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत पेढे वाटले. मी माझा एका मुलीला दिला. आमच्या शाळेतले अर्जुनराव गुरुजी पाहत होते. त्यांची पत्नी वारली आहे. म्हणाले, “बाई, काऊन सारं देऊन टाकता? तुमाले काय पाहिजे?”

घरी चुलीपुढे बसले तेव्हा सुचलं : कुणीतरी तव्यावरची गरम भाकर माझ्या ताटात वाढावी. दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं, तर हसले नाहीत.

“मले येते भाकर. वाकडी होते, पण होते.”

तेव्हापासून मला पुष्कळ काही हवंसं वाटतं. अजिंठा पाहावा, वेणीत अबोली माळावी. मिळालं नाही तरी नुसत्या वाटण्यानेच दिवस भरून जातो. हे असं कसं? आणि टिकेल का? तुम्ही इतका विचार केलात, तुम्हाला ठाऊक असेल.

एवढं लिहिलं, तरी खरं ते राहिलंच. अर्जुनराव गुरुजींनी मला मागणी घातली आहे. मी हो म्हटलं.

सासूबाईंना मीच सांगितलं. मग एका सकाळी म्हणाल्या, “वैजनाथने देव मागितला, तेव्हा त्याला अडवलं नाही. तुला का अडवू?” त्या आमच्याकडेच राहणार आहेत.

नवऱ्याने संन्यास घेतला असेल तर कायदा बायकोला मोकळं करतो, असं वकील म्हणतात. तुम्ही बुलढाण्याला कोर्टात येऊन दीक्षा घेतल्याचं सांगावं. इच्छा उरली नसेल, तर हे जड जाऊ नये. उरली असेल, तर तेही लिहा. माझा निश्चय बदलणार नाही, पण मला जाणून घ्यायचं आहे.

नावामागे सौ. लिहावं की नाही, कळेना. म्हणून नुसतीच,

प्रतिमा