भोंगा झाल्यावर

॥ श्री ॥
पुलगाव, ६ डिसेंबर १९७१

ती. दादांच्या चरणी विमलचा शि. सा. न. वि. वि.

लढाई लागली त्या शुक्रवारपासून हे डेपोतच आहेत. दारूगोळ्याच्या पेट्या गाडीत चढवायचे काम रात्रंदिवस चालू आहे म्हणतात. आज चौथा दिवस, निरोप नाही. खिडक्यांना काळे कागद लावले आहेत. शाळेच्या मैदानात मुलांसाठी चर खणला आहे. भोंगा झाला की त्यात उतरायचे. भोंगा सरावाचा की खरा, हे कुणी सांगत नाही.

मुंबईहून दोघे जण कॅमेरा घेऊन आले आहेत. लढाईत मुलांचे दिवस कसे जातात यावर दहा मिनिटांचा माहितीपट करताहेत. डेपोकडे कॅमेरा वळवायची मनाई, म्हणून सारा मुक्काम शाळेत. आपली कमला नऊ वर्षांची, पण वेणी घालतानाही मान वळवून पाहते, कॅमेरा आला का म्हणून. धाकटा नत्थू चौथ्या वर्षात, त्याला काही उमजत नाही. मुले धीट आहेत, काळजी नसावी.

वहिनींना नमस्कार. माया अशीच पोचत राहू द्यावी.
आपली विमल


रोहणा, ९ डिसेंबर १९७१

चि. सौ. विमल हिस अनेक आशीर्वाद.

मुले धीट आहेत हे लिहिलेस. तू कशी आहेस ते लिहिले नाहीस. तुझी वहिनी दोन दिवस एकच म्हणून राह्यली, पोरायले तिथं काऊन ठेवलं, घेऊन या. कापूस वेचणीला आला आहे, तरी मी निघू शकतो. तू फक्त हो म्हण. कमला नटी झाल्यावर रोहण्याला ओळख देईल का, असेही वहिनी विचारते. पण मुलांना आणण्याचे हसण्यावारी नेऊ नकोस. वेळ सांगून येत नाही.

आमचा जीव तुमच्यात आहे, हे ध्यानात असू दे.
तुझा दादा, महादेवराव


पुलगाव, १२ डिसेंबर १९७१

ती. दादांना सा. न. वि. वि.

काल मी रॉकेलच्या रांगेत असताना भोंगा झाला. नत्थू घरी निजला होता. चरात कमला नव्हती. वासुदेवराव गुरुजी आमच्या घराकडे धावले, मागून कॅमेरावाला. मी पोचले तेव्हा दोघे उंबऱ्याशी उभे होते.

कमला खाटेखाली नत्थूला कवटाळून बसली होती. आवाज जाड करून म्हणत होती, "नत्थू, भेऊ नको. मी डेपोतून आलो ना आता." दादा, ती ह्यांच्या आवाजात बोलत होती. नत्थू डोळे मिटून शांत पडला होता.

धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर कॅमेरावाल्याने तिला बाहेर कॅमेऱ्यासमोर बसवून हळूच विचारले, भोंगा झाल्यावर काय करतेस. तिने पुन्हा ह्यांचा आवाज काढला आणि म्हणाली, आई घरी नसली का असंच करतो आम्ही. मग म्हणाली, "आईले सांगू नका. ते रडते." मी कवाडामागेच होते.

मुलांना मी त्यांच्या भल्यासाठी ठेवून घेतले नव्हते. एकटे राहायची भीती मलाच होती. येऊन घेऊन जावे. मी इथेच राहीन. हे परतले तर घराला कुलूप दिसू नये.

दादांनी उशीर करू नये, एवढेच मागणे.
विमल


पुलगाव, २० ऑगस्ट १९७२

ती. दादांना सा. न. वि. वि.

लढाई थांबल्यावर चौथ्या दिवशी हे घरी आले आणि संक्रांतीला तुम्ही मुले पोचवून गेलात. खाटेखालची गोष्ट मात्र मी ह्यांना सांगितली नव्हती.

काल शाळेत तो माहितीपट दाखवला. चरात उड्या मारणारी आपलीच मुले पाहून सारे हसले. मग पडद्यावर कमला आली. भोंगा झाल्यावर काय करतेस, या प्रश्नाला तिने ह्यांचा आवाज काढून दाखवला. लोक पुन्हा हसले. हे उठून बाहेर गेले. मी मागोमाग.

शाळेच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "पेट्या चढवताना भेवानं आठ आठ दिवस माह्या तोंडून शब्द फुटत नव्हता, विमल. पोरीनं काढला तसा आवाज मले काढता आला नसता."

आणि आत जाऊन, मोठ्यांच्या बाकांवर नाही, मुलांच्या सतरंजीवर कमलाजवळ जाऊन बसले. तिने सरकून जागा दिली. पडद्यावर पुढे काय झाले ते मी पाहिले नाही.

वहिनींना सांगावे, दिवाळीला चौघेही येतो. तोवर मनात जागा असू द्यावी.
आपली विमल